सेलची उतरंड: फेकायच्या आधी एका सेलकडून चार कामं कशी काढायची

आमच्या आत्याबाईंचं (म्हणजे सासूबाईंचं, आमच्या घरी आत्याबाईच म्हणतात) पातळ एकदा घरात आलं की पंधरा-वीस वर्षं घराबाहेर जात नाही. आधी चार लोकांत नेसायला, मग घरात नेसायला, विरलं की वाकळीत, वाकळ फाटली की पायपुसणं, आन पायपुसण्याच्या चिंध्या झाल्या की गाडी पुसायला. पण ह्याच घरात रिमोट चालंना की आमचे हे काय करतात, रिमोट दोनदा तळहातावर आपटतात, सेल काढून दातानं चावतात, परत घालतात, आन तरी चॅनल बदललं नाही की सेल खिडकीतून मागच्या बोळीत. दोन वर्षांपूर्वी बोळ साफ करताना मला एकवीस सेल सापडले, मोजलेच मी. उगं गंमत म्हणून दिराच्या दुकानात नेले, परभणीतच मोबाइल रिपेरिंगचं दुकान हाय त्यांचं. गंजलेले बाजूला काढून राहिले चौदा, भाऊजींनी त्यांना मीटर लावलं तर सहा सेल चांगले जिवंत निघाले. त्यातल्या एकावर आमच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ पुढं पाच महिने चाललं बघा.

तेव्हापासून मी घरात सेलची उतरंड लावलीये. उतरंड म्हणजे मडक्यांची असते तशी, मोठं खाली मग बारकं मग त्याहून बारकं. सेल पण तसाच मोठ्या कामातून बारक्या कामात उतरवत न्यायचा. कसं करायचं ते सगळं सांगते, आन कोणत्या सेलला हातच लावायचा नाही ते पण सांगते कारण ते जास्त महत्त्वाचंय.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आमच्याकडं बॅटरी म्हणजे टॉर्च, रात्री पाणी द्यायला वावरात जाताना घेतात ती. आन तिच्यात घालतात तो सेल. इथं मी सेल म्हणते तो पेन्सिल सेल म्हणजे डबल ए, रिमोटचा बारका म्हणजे ट्रिपल ए, आन गॅस गिझरमधे दोन लागतात तो मोठा सेल म्हणजे डी. हे सगळे नवे असताना १.५ वोल्टचे असतात, साईज कोणती का असंना. मोठ्यात वोल्ट जास्त नसतो, माल जास्त असतो.

आता सेल संपला असं आपण कधी म्हणतो? ज्यात घातलाय ती वस्तू बंद पडली की. पण ते कसंय, बोअरचं पाणी खाली गेलं की पाच एचपीची मोटर हवा खायला लागते, म्हणून काय बोअर आटला का? त्याच बोअरवर हातपंप असला तर दोन घागरी निघतातच. लेकराची रिमोटची गाडी म्हणजे ती पाच एचपीची मोटर, तिला एकदम लई करंट लागतो, सेल जरासा थकला की ती मान टाकते. टीव्हीचा रिमोट बटण दाबल्यावरच क्षणभर खातो. आन भिंतीवरचं घड्याळ तर सेकंदाला एकदा काटा ढकलायपुरतं, म्हणजे नावालाच. म्हणून गाडीनं टाकलेला सेल घड्याळाला पुष्कळ होतो.

हे नुसत्या अंदाजानं पण चालतं, पण एक साधा डिजिटल मल्टीमीटर घ्या, इलेक्ट्रिकच्या दुकानात दोन-तीनशेत येतो. डायल डीसी वोल्टच्या २० वर ठेवायचा (डीसीच्या चिन्हात एक सरळ रेघ आन तिच्याखाली तुटक रेघ असते, ज्याच्यापुढं नागमोडी रेघ हाय तो एसी, तो नाही), लाल टोक सेलच्या टोपीला, काळं टोक बुडाला. उलटं लावलं तरी काही जळत नाही, आकड्याच्या आधी वजाची खूण येते एवढंच.

माझा हिशेब असाय. १.४५ च्या वर असला तर तो नवाच समजा, गाडीत, टॉर्चमधे, बीपीच्या मशीनमधे कुठंही. १.३ ते १.४५ असला तर रिमोट, वायरलेस माउस, बारकी एलईडी टॉर्च. १.२ ते १.३ म्हणजे घड्याळाचा सेल. त्याच्या खाली १.१ पर्यंत पण काही काही घड्याळं चालतात, घालून बघायचं. एकच्या आसपास आला की त्याचं शेवटचं एक काम राहतं ते पुढं सांगते. ०.७ च्या खाली गेला की मग डब्यात, त्याच्याकडून आणखी काही मागायचं नाही.

पण मीटर एका बाबतीत फसवतो. पडून असलेला सेल आराम करून ताजातवाना झालेला असतो, मीटरला १.४ दाखवतो आन टॉर्चमधे घातला की दोन मिनिटात पिवळा उजेड. म्हणून भाऊजींनी मला १० ओहमचा एक रेझिस्टर म्हणजे करंट अडवणारा बारका तुकडा दिलाय, रुपया-दोन रुपयाची वस्तू. त्याचे दोन पाय सेलच्या दोन टोकांना धरायचे आन त्याच वेळी मीटर लावायचा, म्हणजे सेलला थोडं ओझं देऊन बघायचं. तीन-चार सेकंद बास. ओझ्याखाली आकडा धडाधडा पडला तर तो सेल दिसायला पैलवान पण आतून पोकळ, त्याला थेट घड्याळावर पाठवा.

मीटर नसला तर लोक सेल टेबलावर आपटून बघतात, उडाला तर संपलेला. ह्यात तथ्य हाय पण अर्धंच. अल्कलाइन सेलमधे (तो महागाचा असतो तो) आत जस्ताची ओली लापशी असते, सेल वापरला तसं ती घट्ट होत जाते आन म्हणून सेल उसळतो. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातल्या लोकांनी २०१५ साली हे नीट तपासलं तर असं निघालं की उसळी वाढत वाढत जाते आन सेल साधारण अर्धा झाला की तिथंच थांबते. म्हणजे उसळणारा सेल नवा नाही एवढंच कळतं, मेलाय का अर्धा जिवंत हाय ते कळत नाही. बोळीतले सहा पण उसळणारेच असते की.

आता मोडू नये असा नियम. एका वस्तूत दोन-तीन सेल लागत असतील तर नवा आन थकलेला कधीच एकत्र घालायचा नाही. आपल्याला वाटतं एक नवा घातला की भागेल. होतं उलटं, नवा सेल जोरात ढकलतो, थकलेला आधी पार रिकामा होतो आन मग त्याच्यातून उलटा करंट जायला लागतो, तो फुगतो, गळतो आन वस्तूचं वाटोळं करतो. थकलेले घालायचे तर सगळे थकलेले, एकाच कंपनीचे, मीटरवर जवळपास सारख्याच आकड्याचे. म्हणून जोडीनं काढलेले सेल मी रबर लावून जोडीनंच ठेवते, आन प्रत्येकावर मार्करनं शेवटचा आकडा लिहिते. थकलेले सेल मी जुन्या मसाल्याच्या डब्यात ठेवते, एका वाटीत रिमोटचे, एकीत घड्याळाचे.

बारक्या रिमोटच्या सेलचा लोकांना प्रश्न पडतो, कारण घड्याळात डबल ए लागतो. तो पण बसतो. लांबीला साधारण ६ मिलीमीटर कमी पडतो, तेवढ्या जागेत स्प्रिंगच्या बाजूला पोळ्या गुंडाळायच्या चांदीच्या कागदाची घट्ट गोळी करून दाबून बसवायची, आन सेल सैल हलू नये म्हणून त्याला कागदाची पट्टी गुंडाळायची. हे घड्याळापुरतंच हां. जास्त करंटच्या वस्तूत अशी गोळी गरम होते किंवा सुटून इकडंतिकडं चिकटते.

घड्याळाची एक गंमत. सेल शेवटाला आला की सेकंदकाटा बहुतेक वेळा नऊच्या आसपास तडफडतो, पुढं जातो मागं येतो, कारण तिथून त्याला वर चढायचं असतं आन तेवढी ताकद राहत नाही. तसं दिसलं की सेल बदला. आन मी केली ती चूक करू नका. मी उत्साहाच्या भरात घरातली तिन्ही घड्याळं थकल्या सेलवर टाकली, बैठकीतलं घड्याळ हळूच वीस मिनिटं मागं पडलं आन त्याच्या भरवशावर बसलेल्या आमच्या ह्यांची तपोवन चुकली. स्टेशनवरून परत आल्यावर जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून ज्या घड्याळावर गाडी पकडायची त्यात नवा सेल, आन देवघरातलं, स्वयंपाकघरातलं थकल्या सेलवर. देवाला कुठं गाडी पकडायचीये.

आता एकच्या आसपासच्या सेलचं शेवटचं काम. पांढरी एलईडी पेटायला साधारण ३ वोल्ट लागतात, मग एका मरतुकड्या सेलवर ती कशी पेटणार? पेटते. ह्या जुगाडाला जूल थीफ म्हणतात, जूल म्हणजे ऊर्जा मोजायचं माप आन थीफ म्हणजे चोर, सेलमधली उरलीसुरली ऊर्जा चोरणारा. सामान चारच वस्तूंचं: बीसी ५४७ नावाचा ट्रान्झिस्टर, १ किलोओहमचा रेझिस्टर, एक पांढरी एलईडी, आन फेराइटचं बारकं कडं. बाकीचं सामान इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात किरकोळ पैशात मिळतं, कडं बंद पडलेल्या सीएफएलच्या बुडात असतं. पण सीएफएलची काचेची नळी फुटू द्यायची नाही, तिच्यात पारा असतो, आन नुकताच काढलेला बल्ब लगेच उघडायचा नाही कारण आतल्या कपॅसिटरमधे करंट धरून राहतो, झटका बसतो. जमत नसलं तर कडं पण विकत घ्या, जिवापेक्षा स्वस्तंय.

जुन्या टेलिफोनच्या वायरीतल्या दोन रंगाच्या बारीक तारा घ्या, समजा लाल आन हिरवी. दोन्ही शेजारी शेजारी धरून कड्यातून दहा-बारा वेढे द्या. आता चार टोकं झाली. लालचं शेवटचं टोक आन हिरवीचं सुरुवातीचं टोक एकत्र पिळा, हे सेलच्या टोपीला म्हणजे प्लसला. लालचं राहिलेलं टोक रेझिस्टरला, आन रेझिस्टरचा दुसरा पाय ट्रान्झिस्टरच्या मधल्या पायाला. हिरवीचं राहिलेलं टोक ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला. बीसी ५४७ ची चपटी बाजू आपल्याकडं आन पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम असतो. एलईडीचा लांब पाय कलेक्टरला, आखूड पाय एमिटरला, आन एमिटर सेलच्या बुडाला. झालं. पेटली नाही तर दहातल्या नऊ वेळा तारेची टोकं चुकलेली असतात, लालची दोन टोकं आपसात बदलून बघा.

हे चालतं कसं तर सोपंय, ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो, चालू असताना वेढ्यांमधे ऊर्जा साठते आन बंद झाला की ती एकदम उसळून वोल्ट वाढतो, तेवढ्यात एलईडी लुकलुकते, पण इतक्या वेगानं की डोळ्याला सलग उजेड दिसतो. आमच्याकडं असा एक दिवा माठाच्या वर लावलाय, रात्री पाणी प्यायला उठलं की लाईट लावावा लागत नाही, एका टाकाऊ सेलवर आठ-दहा रात्री निघतात. उजेड वाचण्याइतका नसतो, ठेचकाळू नये इतका असतो. मात्र सेल असा तळापर्यंत खरवडला की तो गळायची शक्यता वाढते, म्हणून उजेड मंदावला की काढून टाका, विसरू नका.

गळण्यावरून आठवलं. साधा स्वस्त सेल असतो ना, ज्याच्यावर मोठ्या अक्षरात हेवी ड्युटी लिहिलेलं असतं आन जो खरं तर सगळ्यात हलका गडी असतो, त्याचं बाहेरचं भांडंच जस्ताचं असतं आन तेच वापरात झिजत जातं. शेवटी भोक पडतं आन चिकट पाणी बाहेर येतं. म्हणून वर्षभर न लागणाऱ्या वस्तूतून सेल काढून ठेवावेत. अल्कलाइन सेल गळला तर पांढरी भुकटी जमते, ती क्षाराची असते, कापसावर दोन थेंब लिंबू किंवा व्हिनेगर घेऊन पुसली की फसफसून निघते, मग कोरड्या फडक्यानं पुसायचं आन स्प्रिंगवर गंज असला तर बारीक पॉलिश पेपर फिरवायचा. हातमोजा नसला तर दुधाची पिशवी हातात घाला, आन तो हात डोळ्याला लावू नका.

आत्याबाई म्हणतात आम्ही सेल उन्हात ठेवायचो आन ते परत चालायचे. खोटं नाही ते, ऊब मिळाली आन आराम मिळाला की आतली क्रिया जराशी जोर धरते आन रेडिओ अर्धा तास आणखी बोलतो. पण त्यानं सेल भरत नाही, उलट परभणीच्या मे महिन्याच्या उन्हात सेल ठेवला तर गळायचीच भीती जास्त. दातानं चावायचं पण तेच, आतला माल दाबला जाऊन तात्पुरतं काम होतं, पण त्या सेलनं घराच्या आजूबाजूला काय काय बघितलंय ते आठवा आन मग चावा. आम्ही लहानपणी तर सेल दगडानं फोडायचो, आतली काळी कांडी भिंतीवर रेघोट्या ओढायला, आन काळी पावडर शाळेचा फळा काळा करायला. ती पावडर मँगनीज डायऑक्साइडची, श्वासात जाणं चांगलं नाही. आता लेकरांना हे करू देऊ नका. साधा सेल चार्जरला लावणं तर अजिबात नाही, तो त्याच्यासाठी बनलेलाच नाही, आत गॅस होऊन फुटतो.

आन सेल बंबात टाकू नका. आमच्या गल्लीत अजून तीन घरी पाण्याचा बंब पेटतो आन लोक त्यात काय वाट्टेल ते घालतात, प्लॅस्टिक, चपला. बंद तोंडाचा सेल विस्तवात गेला की फटाक्यासारखा उडतो.

उतरंड कितीही नीट लावली तरी मुळात सेल कमी आणणं हाच खरा उपाय. ज्या घरात लेकरू हाय आन त्याला गाडी हाय, त्यांनी रिचार्जेबल सेल घ्यावेत, एनआयएमएच लिहिलेले. मला चार सेल आन चार्जर मिळून हजाराच्या आसपास पडले, तेव्हा जिवावर आलं होतं, पण शेकडो वेळा चार्ज होतात. त्यांचा वोल्ट १.२ च असतो, ते बघून थकलेत असं समजू नका, ते शेवटपर्यंत तेवढाच धरून राहतात, म्हणून गाडी उलट जास्त जोरात पळते. घड्याळात मात्र ते घालू नका, तिथं आपला साधा सेलच बरा. आन घड्याळासाठी महागाचा अल्कलाइन आणायची पण गरज नाही, उतरंडीतून येतोच की.

आता हात न लावायच्या गोष्टी. पहिली म्हणजे बटण सेल, मनगटी घड्याळातला, थर्मामीटरमधला, दिवाळीत त्या चायनीज एलईडी पणत्या येतात त्यातला. त्यातला सीआर २०३२ हा ३ वोल्टचा लिथियमचा असतो, एक रुपयाच्या नाण्याएवढा, चकचकीत, लेकरं तोंडात घालतात. तो घशात अडकला तर विद्युत क्रियेनं तिथं क्षार तयार होतो आन दोन तासात अन्ननलिका जळायला लागते. गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवायची नाही, थेट एक्स-रे हाय अशा दवाखान्यात. ह्याची उतरंड नाही, वापरला की दोन्ही बाजूनं चिकटपट्टी लावून डब्यात. आन त्या पणत्या आणूच नका हो, कुंभाराच्या मातीच्या पणत्या आणा, चार दिवसाच्या उजेडासाठी घरात बारा बटण सेल कशाला.

दुसरी गोष्ट लिथियम आयन, मोबाइलची, पॉवर बँकची, लॅपटॉपची. लॅपटॉपच्या बाद बॅटरीत १८६५० नावाचे सेल असतात (१८ मिलीमीटर जाडी, ६५ मिलीमीटर लांबी म्हणून ते नाव), सहातले एखाद-दोनच खराब असतात आन बाकीचे चांगले निघतात हे खरंय. भाऊजी त्यांच्यावर टॉर्च बनवतात, वावरात रात्रीच्या लाईटला पाणी द्यायला जाणाऱ्या लोकांना. पण ते २.५ वोल्टच्या खाली गेलेला सेल घेतच नाहीत, आन चार्जिंगला टीपी ४०५६ चं प्रोटेक्शनवालं सर्किट लावतात जे ४.२ वोल्टला थांबतं. हे काम ज्याचा हात बसलाय त्यानंच करावं, आपण पॅक फोडायला स्क्रू ड्रायव्हर घातला आन तो सेलमधे घुसला तर आग. बाजारात ९८०० एमएएच (सेलमधे माल किती त्याचं माप) लिहिलेले सेल मिळतात, ते घेऊ नका, त्या साईजच्या खऱ्या सेलवर साधारण २००० ते ३५०० च लिहिलेलं असतं. फुगलेली बॅटरी टोचायची नाही, दाबायची नाही, चार्जिंगला लावायची नाही, वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात घालून घराबाहेर सावलीत ठेवा आन लवकर दुकानात द्या.

तिसरी इन्व्हर्टरची. तिच्यात शिसं आन ॲसिड. तिला जपलं तर तीच आपला सगळ्यात मोठा कचरा वाचवते. पाणी फक्त डिस्टिल्ड, बोअरचं नाही, आपल्याकडचं बोअरचं पाणी लई जड, क्षार आत जाऊन प्लेटा खराब होतात. एसीचं पाणी चालतं म्हणतात, मी घालत नाही, त्यात धूळ आन धातू उतरलेला असतो. संपली की दारावरच्या भंगारवाल्याला देऊ नका. तो वजनावर घेतो आन वजन कमी करायला ॲसिड तिथंच नालीत ओततात हे मी डोळ्यांनी बघितलंय, शिसं त्या मातीत कायमचं. नवी घेताना दुकानदार जुनीचे पैसे कापून देतो, तिथंच द्या. जुन्या रिचार्जेबल टॉर्चमधे ४ वोल्टची बारकी ठोकळ्यासारखी बॅटरी असते ती पण ह्याच जातीची, ती पण तिकडंच.

कायद्याचं एवढं ध्यानात ठेवा. ऑगस्ट २०२२ मधे केंद्राचे बॅटरीच्या कचऱ्याचे नवे नियम आले, त्यात सगळ्या प्रकारच्या बॅटऱ्या धरल्यात, पेन्सिल सेलपासून गाडीच्या बॅटरीपर्यंत, आन वापरलेला माल परत गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्यावर टाकलीये. आपल्यावर पण एक टाकलीये, बॅटरी दुसऱ्या कचऱ्यात मिसळायची नाही. पाकिटावर चाकाच्या कचरापेटीवर फुली मारलेलं चित्र असतं, त्याचा अर्थ तोच.

बाकी घरातला कचरा पण उतरंडीनंच कमी होतो. कालची भाकर सकाळी कुटके करून फोडणीला, उरलेच तर गल्लीतल्या गाईला. भाज्यांचे देठ, साली बुडाला भोकं पाडलेल्या बादलीत, एक थर साली आन एक थर वाळका पाला, वरून थोडा शेणकाला नाहीतर आंबट ताक. पुस्तकात पाणी कमी घाला म्हणतात पण आपल्या उन्हाळ्यात ते वाळून पापड होतं, म्हणून मी तांदूळ धुतलेलं पाणी रोज शिंपडते आन आठवड्यातून दोनदा खालीवर करते. दीड-दोन महिन्यात काळं खत होतं. लग्नात दोनशे मिलीच्या पाण्याच्या बाटल्यांचे बॉक्सच्या बॉक्स येतात, अर्ध्या पिऊन टाकलेल्या, नणंदेच्या लेकीच्या लग्नात आम्ही रांजण आन स्टीलचे ग्लास ठेवले. दोन पाहुणे नाकं मुरडून गेले, बाकीच्यांना थंड पाणी मिळालं. २०१८ साली नारेगावच्या लोकांनी, जिथं औरंगाबादचा कचरा टाकायचे तिथल्या, औरंगाबादच्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या होत्या, आठवतंय का, शहरात रस्त्यारस्त्यावर ढीग लागले होते. तीस-चाळीस वर्षं दुसऱ्याच्या दारात टाकलेलं असं एक दिवस आपल्या दारात येतं.

राहिला शेवटचा डबा. पार संपलेल्या सेलसाठी झाकणाची प्लॅस्टिकची बरणी घ्या, धातूचा डबा नको कारण टोकं त्याला टेकून शॉर्ट होतात. लिथियमच्या, बटण सेलच्या आन ९ वोल्टच्या चौकोनी बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावूनच आत टाका, ९ वोल्टच्या दोन्ही टोप्या एकाच बाजूला असतात म्हणून तिला भांडी घासायची तारेची घासणी नुसती लागली तरी ठिणगी पडते. बरणी कोरड्या, थंड जागी, लेकरांचा हात पोचणार नाही अशी. घंटागाडीवाल्याला विचारून बघा, घातक कचरा वेगळा घ्यायचा हे २०१६ पासून नियमात हाय पण आमच्या गल्लीतली गाडी सगळं एकातच टाकते, म्हणून मी तिला देत नाही. भाऊजींच्या दुकानातला मोबाइलचा ई-कचरा परवाना असलेल्या रिसायकलरकडं जातो, त्यांच्याबरोबर माझी बरणी जाते, वर्षातून एकदा. तुमच्या गावात मोबाइलवाला किंवा इन्व्हर्टरवाला कुणाला माल देतो ते विचारा, शाळेत नाहीतर कॉलेजात ई-कचरा गोळा करायचा कार्यक्रम असला तर तिथं द्या.

आन बरणीवर मोठ्या अक्षरात लिहा. आमची बरणी मुळात कैरीच्या लोणच्याची, पहिल्याच आठवड्यात जेवताना आमच्या ह्यांनी ती ताटाशेजारी आणून ठेवली होती, आता आत्याबाईंनी तिच्यावर नातवाकडून लाल मार्करनं लिहून घेतलंय, "हे लोणचं नाही".